डेट्रॉइटच्या शाळांचा पैसा गेला कुठे, आणि आपल्या डिस्ट्रिक्टचा हिशेब कुठे बघायचा?

नोव्हायकर (प्रश्न)

डेट्रॉइटच्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टबद्दल (म्हणजे शहरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेबद्दल) दोन गोष्टी नेहमी एका दमात सांगितल्या जातात. २०१६ मध्ये प्रिन्सिपल लोकांना खोट्या बिलांबद्दल पकडलं, आणि त्याच वर्षी मिशिगन राज्याला ६१.७ कोटी डॉलर देऊन डिस्ट्रिक्ट वाचवावं लागलं. ऐकणाऱ्याला वाटतं पहिल्यामुळे दुसरं झालं. पण बिलांचा घोटाळा २७ लाख डॉलरचा, म्हणजे त्या रकमेच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. मग बाकीचा पैसा गेला कुठे? १९९९ साली राज्याने कारभार निवडून आलेल्या बोर्डाकडून काढून घेतला तेव्हा ९.३ कोटी डॉलर शिल्लक होती. सतरा वर्षांत शिल्लकीचं एवढं कर्ज कसं झालं? दरवर्षी ऑडिट होत होतं, तर थांबवलं कुणीच कसं नाही?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. आपापल्या डिस्ट्रिक्टचं बजेट आणि ऑडिट वेबसाइटवर असतं, पण दीड-दोनशे पानांत सामान्य पालकाने नेमकं काय बघायचं?

---

खतावणी

बिलांचा घोटाळा सध्या बाजूला ठेवा. मोठं भगदाड कायदेशीर होतं, आणि म्हणूनच ते बुजवण्याची कुणाला घाई झाली नाही.

मिशिगनमध्ये १९९४ च्या ‘प्रपोझल ए’पासून (शाळांच्या निधीची पद्धत बदलणारा मतदारांचा कौल) शाळा चालवायचा पैसा मुख्यतः राज्याकडून, मुलांच्या डोक्यागणिक येतो. डोकी दोनदा मोजतात. ऑक्टोबरच्या मोजणीला ९० टक्के वजन, फेब्रुवारीच्या मोजणीला १०. मूल गेलं की पैसा गेला. २०१५ च्या सुमारास डेट्रॉइटला एका मुलामागे साधारण ७,४०० डॉलर मिळत होते. समजा वर्षभरात ५०० मुलं चार्टर शाळांत (सरकारी पैशावर, पण डिस्ट्रिक्टबाहेर चालणाऱ्या) किंवा उपनगरांत गेली. ३७ लाख डॉलर कमी झाले. पण ही ५०० मुलं एका इमारतीतून जात नाहीत. शंभर शाळांतून पाच-पाच जातात, आणि त्या पाचांतही एक पहिलीतलं, एक चौथीतलं, एक सातवीतलं. एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी होत नाही, बॉयलर तेवढाच पेटवावा लागतो. उत्पन्न त्याच वर्षी घटतं. खर्च घटवायला दोन-तीन वर्षं लागतात, तोही शाळा बंद करून. आणि शाळा बंद केली की तिथली मुलं शेजारच्या सरकारी शाळेतच जातील असं नाही. बरीच कुटुंबं त्या निमित्ताने डिस्ट्रिक्टच सोडतात. १९९९ ला दीड लाखाहून बरीच जास्त मुलं होती, २०१६ ला पन्नास हजारांच्या आत.

आता कर्ज. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, पण राज्याचे हप्ते अकरा, ऑक्टोबर ते ऑगस्ट. म्हणजे वर्षाच्या तोंडाशी हातात रोकड कमी असते. त्यासाठी डिस्ट्रिक्ट येणाऱ्या हप्त्यांच्या भरवशावर अल्पमुदतीच्या नोटा काढतं. यात वावगं काही नाही, अनेक चांगली डिस्ट्रिक्टंही काढतात आणि वर्षाच्या आत फेडतात. घसरण सुरू होते ती जुनी नोट फेडायला नवी नोट काढली की. ती मुळात पगार आणि विजेच्या बिलांसाठी घेतलेली उसनवारी, पण तीच पुढे लांब मुदतीच्या कर्जात बदलतात. डेट्रॉइटने २००५ मध्ये हेच केलं. सुमारे २१ कोटी डॉलरची तूट कर्जरोख्यांत बदलली. कागदावर तूट मिटली. प्रत्यक्षात २००५ च्या मुलांवर झालेल्या खर्चाचे हप्ते पुढच्या पंधरा वर्षांत शिकणाऱ्या मुलांच्या नावे लागले.

शिवाय कर्ज देणाऱ्याला तारण म्हणून राज्याचा हप्ताच बांधून दिलेला असतो. तो डिस्ट्रिक्टच्या खात्यावर यायच्या आधीच परस्पर वळता होतो. सावकाराचं पोट आधी भरतं, वर्गाच्या वाट्याला उरलेलं येतं. शेवटी शेवटी एका विद्यार्थ्यामागे वर्षाला हजार डॉलरहून जास्त नुसते कर्जफेडीत जात होते. ७,४०० मधले हजार गेले की खडू-फळ्याला काय राहणार? मग सगळ्यात मऊ जागा चेपली जाते. इथे ती होती शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा निधी. त्याचे हप्ते थकले, त्यावर दंड आणि व्याज चढलं.

आकडे सलग बघा. २००९ मध्ये तूट २१.९ कोटी, २०१० मध्ये ३२.७ कोटी, आणि २०१६ पर्यंत रोजच्या कारभारापायी झालेलं कर्ज ५१.५ कोटी. तुटीचे आकडे त्या त्या वर्षीच्या ऑडिटमध्ये छापलेले आहेत. लपवलेलं काही नव्हतं.

एक गोष्ट नेहमी सुटते, ती सांगून थांबतो. १९९४ मध्ये मतदारांनी इमारतींसाठी १५० कोटी डॉलरचा बॉण्ड (कर्जरोखे) मंजूर केला होता, आणि १९९९ च्या ताब्याच्या वेळी त्यातले सुमारे १२० कोटी खर्च व्हायचे होते. हा पैसा फक्त बांधकामाचा, त्यातून पगार देता येत नाही. मुलं झपाट्याने कमी होत असताना तो जुन्या पटसंख्येच्या अंदाजाने बांधकामावर ओतला गेला. नव्याने दुरुस्त केलेल्या काही इमारतींना थोड्याच वर्षांत कुलूप लागलं. रोखे मात्र कुलूप लागल्यावरही फेडावे लागतात.

---

त्रिपक्षी_ताळा

बिलांच्या घोटाळ्याकडे ‘फक्त अर्धा टक्का’ म्हणून दुर्लक्ष करू नका. रक्कम लहान असली तरी डिस्ट्रिक्टच्या आतलं लेखानियंत्रण किती पोकळ होतं ते तिथेच दिसतं.

मार्च २०१६ मध्ये फेडरल सरकारने १४ जणांवर आरोप ठेवले. त्यांत १२ आजी-माजी प्रिन्सिपल, एक सहायक अधीक्षक आणि एक पुरवठादार. पद्धत अगदी साधी. पुरवठादार शाळेला बिल पाठवणार: सभागृहाच्या खुर्च्या, पूरक पुस्तकं, लहान मुलांसाठी उठावदार रेघांचा लिहायचा कागद. माल यायचाच नाही, किंवा थोडासाच यायचा. प्रिन्सिपल ‘माल मिळाला’ म्हणून सही करणार, मुख्य कार्यालय सही बघून पैसे सोडणार. मग ठरलेला वाटा परत: कधी रोख, कधी गिफ्ट कार्ड, एका प्रकरणात तर घराच्या छपराचं काम करणाऱ्याला परस्पर पैसे. कुणाचे किती द्यायचे राहिले, याची वही पुरवठादाराने स्वतः ठेवली होती. २७ लाखांची खोटी बिलं आणि ९ लाखांहून थोडा जास्त परतावा. २००२ पासून जानेवारी २०१५ पर्यंत हे चाललं.

तेरा वर्षं का टिकलं? भागाकार करून बघा. २७ लाख भागिले १३ वर्षं म्हणजे वर्षाला दोन लाख. तेरा जणांत विभागले तर सरासरी माणशी वर्षाला सोळा हजार डॉलर. मिशिगनमध्ये एका ठरावीक रकमेवरच्या खरेदीला स्पर्धात्मक बोली लागते. ती मर्यादा दरवर्षी थोडी वाढते, सध्या तीस हजारांच्या आसपास आहे. त्याखालच्या बिलाला निविदा नाही, बोर्डापुढे ठराव नाही. चोर लहान होता म्हणून सुटला नाही, नियंत्रणाची जाळी मोठ्या माशांच्या मापाची होती म्हणून सुटला.

मुख्य चूक अशी की मागणी करणारा, माल मोजून घेणारा आणि बिल मंजूर करणारा एकच माणूस होता. हिशेबात तीन कागद जुळवायचे असतात: मागणीपत्र, माल मिळाल्याची पोच आणि बिल. ही तीन माणसांची कामं आहेत. पोच प्रिन्सिपलने न देता कोठाराच्या कारकुनाने किंवा ज्या वर्गात माल जायचा त्या शिक्षिकेने द्यायची. उठावदार रेघांचा कागद वर्गात पोचला की नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तिला आयुष्यात एकदाही कुणी विचारलं नाही.

पगाराचंही तसंच. २००९ मध्ये रॉबर्ट बॉब आर्थिक व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा त्यांनी पगाराचे चेक टपालाने न पाठवता ओळखपत्र बघून हातात द्यायला लावले. अडीचशेहून जास्त चेक न्यायला कुणी आलंच नाही. त्यातले सगळे खोटे कर्मचारी होते असा अर्थ लगेच काढू नये, कुणी रजेवर असतं, कुणी सोडून गेलेलं असतं. पण सोडून गेलेल्याचा चेक निघतच असेल तर मनुष्यबळ विभाग आणि पगार विभाग एकमेकांशी बोलत नाहीत हे नक्की. ही तपासणी अजूनही कुठल्याही डिस्ट्रिक्टमध्ये एका दिवसात होते. तिला सॉफ्टवेअर लागत नाही.

---

नोव्हायकर

@खतावणी, कायदेशीर भगदाड समजलं. पण ५१.५ कोटी होईपर्यंत जबाबदार कोण होतं? बोर्ड की राज्य?

---

मतपेटी

हाच खरा प्रश्न, आणि याचं उत्तर तारखांमध्ये आहे.

१९९९: गव्हर्नर जॉन एंग्लर यांच्या काळात कायदा झाला. निवडून आलेलं बोर्ड गेलं, सात जणांचं नेमलेलं बोर्ड आलं. सहा महापौरांनी नेमायचे, एक राज्याने.
२००६: मतदारांच्या कौलाने पुन्हा निवडून आलेलं बोर्ड. तोवर शिल्लक जाऊन कर्ज झालेलं होतं.
२००९: गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी रॉबर्ट बॉब यांना आणीबाणीचे आर्थिक व्यवस्थापक म्हणून नेमलं. तिथून २०१६ पर्यंत रॉय रॉबर्ट्स, जॅक मार्टिन, डार्नेल अर्ली. सात वर्षांत चार व्यवस्थापक.

या सात वर्षांत बोर्डाच्या निवडणुका होत होत्या, पण पैशावर त्याचा अधिकार नव्हता. ज्याला लोक मत देत होते त्याच्या हातात काही नव्हतं, आणि ज्याच्या हातात सगळं होतं त्याला कुणी मत दिलेलं नव्हतं. व्यवस्थापक जायचा, पुढचा यायचा आणि आधीच्याने ठेवलेल्या तुटीपासून सुरुवात करायचा. तूट वाढली म्हणून कुणाची नोकरी गेली नाही, कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

२०११ चा आणीबाणी व्यवस्थापकाचा कायदा मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये रद्द केला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जवळपास तसाच नवा कायदा केला आणि त्याला खर्चाची तरतूद जोडली. मिशिगनमध्ये अशी तरतूद जोडलेल्या कायद्यावर सार्वमत मागता येत नाही. लोकांनी ‘नको’ म्हटलेली गोष्ट लोकांच्या हाताबाहेर ठेवून परत आणली, असा माझा स्पष्ट आरोप आहे. त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही, दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावेत.

ऑडिटने सांगितलं नाही असंही नाही. २००८ मध्ये फेडरल शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी गरीब मुलांसाठीच्या टायटल वन निधीतल्या ५ कोटी डॉलरहून जास्त खर्चाला आक्षेप घेतला: नियमात न बसणारा किंवा पुरेशी कागदपत्रं नसलेला. डिस्ट्रिक्टला तूट निवारणाचा आराखडा राज्याला द्यावा लागतो, तोही दिला जात होता. पण आराखडा पाळला नाही तर काय? राज्य व्यवस्थापक नेमणार. तो तर नेमलेलाच होता, राज्यानेच. स्वतःच्याच माणसाच्या आराखड्याला शिक्षा कोण करणार?

जानेवारी २०१६ मध्ये शिक्षकांनी सामूहिक आजारपणाची रजा टाकली, एका दिवशी ८८ शाळा बंद राहिल्या. भिंतींवरची बुरशी, गळकी छतं, वर्गातले उंदीर यांचे फोटो देशभर गेले. त्यानंतर काही महिन्यांत पैसे निघाले. आकडे सात वर्षं ओरडून सांगत होते, तेव्हा कुणी हललं नाही.

---

खतावणी

@मतपेटी यांना जोड देतो. २०१६ च्या तोडग्यात डिस्ट्रिक्टचे दोन भाग केले. जुनं डिस्ट्रिक्ट फक्त कर्ज फेडायला कागदोपत्री जिवंत ठेवलं, आणि १ जुलै २०१६ पासून शाळा चालवायला नवं निघालं. शहरातल्या बिगर-घरगुती मिळकतींवरचा १८ मिलचा कर (करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरमागे १८ डॉलर), जो एरवी शाळा चालवायला जातो, तो जुनं कर्ज फेडायला लावला, आणि नव्या डिस्ट्रिक्टची भरपाई राज्याने करायची ठरली. नवीन बोर्ड निवडून आलेलं, वर आर्थिक देखरेख आयोग.

पण इमारतींसाठी पैसा उरलाच नाही. २०१८ च्या पाहणीत निघालं की लगेच दुरुस्तीला ५० कोटी लागतील, पाच वर्षं थांबलात तर १४० कोटी. त्याच वर्षी शिसं आणि तांबं आढळल्यामुळे सगळ्या शाळांतलं पिण्याचं पाणी बंद करावं लागलं. हीसुद्धा त्या जुन्या हिशेबाचीच बाकी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मिशिगनमधल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या पहिल्या पानावर ‘ट्रान्स्परन्सी रिपोर्टिंग’चं चिन्ह कायद्याने असावंच लागतं. तिथे बजेट, ऑडिट आणि लाख डॉलरवरचे पगार सापडतात. बजेट आत्ता वाचू नका. आधी ऑडिट उघडा, कारण बजेट म्हणजे संकल्प आणि ऑडिट म्हणजे झालेली गोष्ट. गेल्या पाच वर्षांची ऑडिटं काढा आणि एका कागदावर उतरवा: पटसंख्या, जनरल फंडचं (रोजच्या कारभाराच्या निधीचं) उत्पन्न, खर्च आणि वर्षअखेरीचा फंड बॅलन्स, म्हणजे शिल्लक. त्यातही ‘अनअसाइन्ड’ ही ओळ. बाकीचा बॅलन्स आधीच कशाला तरी बांधलेला असतो. जनरल फंडचा एकूण बॅलन्स उत्पन्नाच्या ५ टक्क्यांखाली गेला की राज्याच्या दृष्टीनेही धोक्याची घंटा. पट उतरतोय आणि खर्च स्थिर आहे, असं सलग तीन वर्षं दिसलं तर पुढचं मी वर लिहिलंय तसंच होतं.

मग टिपांमध्ये अल्पमुदतीच्या कर्जाची टीप शोधा. वर्षाच्या सुरुवातीची बाकी, नवं काढलेलं, फेडलेलं, अखेरची बाकी. अखेरची बाकी दरवर्षी वाढत असेल तर जुनं फेडायला नवं काढतायत. या एका टीपेत डेट्रॉइट दहा वर्षं आधी दिसत होतं.

---

त्रिपक्षी_ताळा

शेवटची पानं सोडू नका. फेडरल निधीच्या ऑडिटमध्ये शेवटी आक्षेपांचं परिशिष्ट असतं. तिथे ‘मटेरियल वीकनेस’ (लेखानियंत्रणातली गंभीर त्रुटी) हे शब्द शोधा, आणि लगेच त्याखालचं ‘मागील वर्षाच्या आक्षेपांची स्थिती’ हे पान वाचा. नवा आक्षेप कुणालाही येतो. तोच आक्षेप तिसऱ्या वर्षी आला तर तो न सुधारण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला आहे.

बिलं बघायची असतील तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज करा. पाच कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणखी दहा दिवस वाढवून मागता येतात. ‘सगळी बिलं द्या’ असं लिहू नका, मोठं शुल्क आकारतात. एका शाळेचं, एका पुरवठादाराचं, एका वर्षाचं मागा, आणि बिलासोबत मागणीपत्र व पोच दोन्ही मागा. बोलीच्या मर्यादेच्या जरा खाली येणारी, पाठोपाठच्या तारखांची बिलं दिसली तर एका खरेदीचे तुकडे केलेले असू शकतात. पोच आणि मंजुरीवर एकच सही असेल तर बोर्डाच्या बैठकीत तेवढंच विचारा.

---

जडसंग्रह_पुणे

इथे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. महापालिकेची शाळा स्वतः कर्ज काढत नाही आणि कर लावत नाही, त्यामुळे डेट्रॉइटसारखं कर्ज शाळेच्या नावावर चढत नाही. पण @त्रिपक्षी_ताळा यांनी सांगितलेला सहीचा प्रकार इथे जसाच्या तसा लागू आहे. आपल्याकडे त्यावर उपाय म्हणून साठा नोंदवही आणि जडसंग्रह नोंदवही आहेत. माल नोंदवहीत चढल्याशिवाय बिल काढायचं नाही, बिलावर नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक टाकायचा. शाळेत गेलात तर वहीच बघायला मागा. वर्षभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उतरवलेल्या दिसल्या तर ती वही बिलं निघाल्यावर भरलेली आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे समितीचं कायद्यातलंच काम आहे. त्यामुळे वही बघायला मागणं म्हणजे मुख्याध्यापकांवर अविश्वास नव्हे. बाहेरच्या माणसाला माहिती अधिकाराचा अर्ज आहे: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवस. मागायचे कागद चारच: पुरवठा आदेश, डिलिव्हरी चलन, साठा नोंदवहीचं संबंधित पान, देयक. चारही तारखा एका ओळीत लिहा. चलन आदेशाच्या आधीचं किंवा देयक चलनाच्या आधीचं निघालं, की तक्रारीत दुसरं काही लिहावं लागत नाही.

---

नोव्हायकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच वर्षांचा तक्ता करायला घेते. जूनमध्ये बजेटची जाहीर सुनावणी असते, तिथे नेमकं काय विचारावं?

---

खतावणी

ताई, सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटंच मिळतात. एकच विचारा: “येत्या वर्षाच्या बजेटमध्ये पटसंख्या किती धरली आहे, आणि गेल्या ऑक्टोबरची प्रत्यक्ष मोजणी किती होती?” धरलेला आकडा मोजणीपेक्षा मोठा असेल तर फरकाला आपल्या डिस्ट्रिक्टच्या प्रति-विद्यार्थी रकमेने गुणा आणि गुणाकार तिथेच मोठ्याने सांगा. कार्यवृत्तात तो आकडा नोंदवून घ्यायला सांगा. पुढच्या ऑडिटचा अहवाल नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत राज्याला द्यावा लागतो. तो आला की तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवून इथेच टाका, पुढचं मिळून बघू.